'तुमचे उपकार विसरणार नाही' असं लिहिलं तर चुकलं का?

प्रश्न असा आलाय: अंधेरीत एकाचा छपाईचा गाळा आहे, ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री मशीन बंद पडलं, तर शेजारच्या गाळेवाल्याने स्वतःचं काम थांबवून पहाटेपर्यंत यांचं सगळं छापून दिलं आणि वर पैसे घ्यायला तयार नाही. यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं 'तुमचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही', तिकडून उत्तर आलं 'अहो उपकार कसले, लाजवताय काय'. तर शब्द चुकला का?

चुकला नाही हो, जड झाला. उपकार म्हणजे खरं तर साधं दुसऱ्याचं भलं करणं, उलट शब्द अपकार. पण मराठीत आपण उपकार फेडतो, उपकाराखाली दबतो, आणि घरात कोणी स्वतःचा कप विसळला की 'केवढे उपकार केलेस!' म्हणतो. शिवाय उपकार म्हटलं की करणारा वर आणि घेणारा खाली, 'कळवून उपकृत करावे' हे अर्जात साहेबाला लिहायचो ना, ते त्यामुळेच. बरोबरीच्या धंदेवाल्याला एवढं उंचावर बसवलं की तो बिचारा अवघडणारच. मेहरबानीचं पण तेच, फारसीतून आलेला शब्द, त्यातला 'मेहरबान' कोर्टाच्या अर्जात 'मे.' होऊन अजून टिकलाय, पण बोलताना 'मेहरबानी कर आणि गप्प बस'!

ऋणी तर धंद्यात नकोच, ज्याच्याशी उधारीचा व्यवहार असतो त्याला ऋणी आहे म्हटलं तर तो आधी वही काढेल.

आभार चालतं. त्यातही भारच आहे म्हणा, पण वापरून वापरून वजन गेलंय, आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. आणि एक, मुंबईत हल्ली सर्रास 'तुमचा धन्यवाद' किंवा 'मी धन्यवाद करतो' ऐकू येतं, ते सरळ हिंदीतून उचललेलं आहे. मराठीत आभार तुमचे मानतात, धन्यवाद तुम्हाला देतात. थँक्यूला माझी काही हरकत नाही, फक्त लिफ्टचं दार धरणाऱ्याला पण तेच आणि रात्रभर छापून देणाऱ्याला पण तेच, हे जरा कमी पडतं.

मी असतो तर त्यांनी नेमकं काय केलं ते लिहिलं असतं: 'काल तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून आमची खिंड लढवलीत, पार्टीसमोर आमची लाज राखलीत. मनापासून आभार. तुमचं मशीन कधी अडलं तर रात्री दोनला पण फोन करा.' खिंड लढवणे, लाज राखणे, सांभाळून घेणे, अडीनडीला धावून येणे, असल्या वाक्प्रचारांत आभार आपोआप येतात आणि समोरच्याला संकोच पण होत नाही. त्यावर ते 'त्यात काय एवढं' म्हणतील, तेव्हा परत आभार मानत बसू नका, सरळ कटिंग मागवा.