सांगलीचं घर विकायची घाई नको

प्रश्न : ताई, आम्ही अकरा वर्षं बंगळुरूत, व्हाइटफील्डला राहतो. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघंही सीबीएसईला. मुलीला डॉक्टर व्हायचंय. सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७१. दोघंच सांगलीला गावभागात असतात. २०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाळा आला की ह्यांची झोप उडते. ह्यांना कंपनीच्या हिंजवडीच्या ऑफिसात बदली मिळतेय. वाकडच्या पुढे एका नव्या संकुलात अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिलाय. सांगलीचं घर विकून त्यात पैसे घालावेत असं ह्यांचं म्हणणं. सासरे नुसतं ‘बघू’ म्हणतात. आत्ताच यावं, की मुलीची दहावी झाल्यावर?
– एक सून, बंगळुरू

उत्तर : दहावीपर्यंत थांबू नका. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच व्हावी लागते. मुलगी बंगळुरूत दहावी झाली तर नंतर डोमिसाइल दाखवूनही भागत नाही. शिवाय सीबीएसईत नववी-दहावी हा एकच सलग अभ्यासक्रम धरतात, थेट दहावीत प्रवेश कारणाशिवाय मिळत नाही. म्हणजे येत्या एप्रिलला नववी पुण्यात सुरू व्हायला हवी. नववीला जागा थोड्याच असतात, शाळांना आत्तापासून फोन लावा.

धाकट्याचं फारसं अडणार नाही. २०२०च्या कायद्याने इथे सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेवढं वाचन-लेखन आजोबांकडे सोपवा.

आता त्या ‘बघू’बद्दल. मी तो ‘नको’ असाच वाचते. माझ्या आईला मी साताऱ्याहून असंच पुण्याच्या कडेच्या एका नवव्या मजल्यावर आणलं होतं. लिफ्ट, बाग, जिम, सगळं होतं. भाजी मोबाइलवर यायची. आई महिनाभर रोज विचारायची, ‘भाजीवाला किती वाजता येतो गं?’ मग विचारेनाशी झाली आणि खाली उतरेनाशीही. बाहेर मोठा रस्ता, फुटपाथ नाही. ती जाणार तरी कुठे? चूक शहराची नव्हती, घर मी माझ्या ऑफिसच्या सोयीने निवडलं होतं.

म्हणून पुणे जरूर, पण तो अकरावा मजला नको. कोथरूड, कर्वेनगरकडे जुन्या सोसायटीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं भाड्याचं घर बघा. अकरा महिन्यांचाच करार करा. वाणी, औषधाचं दुकान, देऊळ आणि बसायला एखादा कट्टा, सगळं सासऱ्यांच्या पायी टप्प्यात हवं. वनाजहून मेट्रो आहे, डेक्कनला दोघं आपली आपण जाऊन येतील. हिंजवडीचा ट्रॅफिक यजमानांनी सोसावा, त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत! घर ठरवण्याआधी सोसायटीकडे एप्रिल-मेमधलं टँकरचं बिल मागा. द्यायला का-कू केली तर पुढचं घर बघा.

सांगलीचं घर सध्या अजिबात विकू नका. सासऱ्यांचा गणपती मंदिराजवळचा ग्रुप, सासूबाईंची भिशी, बँकेतले ओळखीचे लोक, हे पुण्यात पहिल्या वर्षी उभं राहत नाही. कुलूप लावलेलं का होईना, आपलं घर तिथे आहे म्हटल्यावर माणूस इथे जरा निवांत बसतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२पासून मोफत आहे, बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट. स्वारगेटहून गाडीत बसवून द्या, महिन्याकाठी आठ दिवस राहून येऊ देत. आषाढ-श्रावणात मात्र नाही. कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१, तीनदा दाखवलंय.

आणि ठरवण्याआधी एक करा. डिसेंबरात दोघांना आठ दिवस कोथरूडला कुणा नातेवाइकाकडे ठेवा. सकाळचं दूध सासऱ्यांना एकट्यालाच आणायला पाठवा. कितीला परत येतात आणि वाटेत कुणाशी बोलले, ते मला कळवा.