'हेलो'च्या रीमेकमध्ये सेंटिनल बीम हातात आला तर तो कसा चालेल?

तुमचा प्रश्न असा: 'हेलो' या गोळीबाराच्या गेमच्या 'हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड' या रीमेकमध्ये सेंटिनल बीम हे किरण सोडणारं शस्त्र आपल्याला वापरायला दिलंच, तर ट्रिगर धरून सलग किरण सोडायचा, चार्ज करून एकच फटका मारायचा, की एकेक पल्स? माझा अंदाज सलग किरणाचा, आणि त्याला तापण्याची मर्यादा.

२००१ च्या मूळ गेममध्ये हा किरण फक्त सेंटिनल या उडत्या पहारेकरी रोबोटकडे होता. तो पाडला तरी शस्त्र उचलता यायचं नाही. ती सोय २००४ च्या 'हेलो २'मध्ये आली. रीमेकमध्ये मालिकेतली नऊ जादा शस्त्रं येणार हे जाहीर आहे, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही.

चार्जची जागा प्लाझ्मा पिस्तुलाने आधीच अडवलीय. ट्रिगर धरला की हिरवा गोळा फुगतो, सोडला की वळत जाऊन एलिट या परग्रही शत्रूची शील्ड एका दणक्यात उतरवतो. तेच काम दुसऱ्या शस्त्राला कोण देईल? एकेक पल्स म्हणजे लांबून नेम धरायचं काम, त्याला स्नायपर आहे.

सलग किरणाची मजा मला गेम खेळायच्या आधी मामाच्या शेडमध्ये कळली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं काम आहे. गॅस कटिंग करताना ते टॉर्चची ज्योत प्लेटच्या काठावर धरतात आणि काठ लालबुंद होईपर्यंत हात हलू देत नाहीत. मग ऑक्सिजनचा लिव्हर दाबला की ठिणग्यांचा झोत खाली पडतो, आणि टॉर्च रेषेवर सावकाश सरकते. हात जरा पुढे पळाला की कट तुटतो, पुन्हा तिथंच तापवत बसायचं. खऱ्या लेझरचंही असंच. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं, तेव्हाही किरण लक्ष्यावर टिकवून धरणं हेच मोठं काम होतं.

गेममध्ये हे कौशल्य आकड्यात दिसतं. 'क्वेक ३' (१९९९) या गोळीबाराच्या गेममध्ये रेलगनचा एक फटका १०० डॅमेजचा, पण पुढच्या फटक्यासाठी दीड सेकंद थांबायचं. लाइटनिंग गन सलग किरण सोडते आणि दर ५० मिलिसेकंदाला ८ डॅमेज देते, म्हणजे सेकंदाला १६०. पण पळत्या माणसावरून क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, घसरला की तेवढे ठोके गेले. रेलगनला एक क्षण अचूक लागतो, लाइटनिंग गनला सगळा वेळ.

आता 'हेलो'मधली 'द लायब्ररी' ही लेव्हल आठवा. दार उघडायची वाट बघत तुम्ही उभे आणि चहूबाजूंनी फ्लड या परजीवी शत्रूंचे लोंढे. तिथं चार्ज करत बसलात तर मेलात. झाडू फिरवावा तसा फिरणारा किरण हवा.

तापण्याची मर्यादा मात्र कडक हवी, नाहीतर ती लेव्हल म्हणजे नुसतं बोट दाबून उभं राहणं होईल. मे महिन्यात सोलापुरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन तापून स्वतःच बंद पडतं, दिवा लागतो. मामा हात बांधून बसत नाहीत, तेवढ्यात झालेल्या जोडांवर ग्राइंडर मारून घेतात. किरण तापून बंद पडला की खेळाडूलाही असंच हाताला काम मिळायला हवं: एक ग्रेनेड, एक ठोसा, दोन पावलं मागे.

टॅप केला तर पल्स आणि धरला तर किरण, असे दोन्ही मोड एकाच ट्रिगरवर बसू शकतात. प्लाझ्मा पिस्तूल तसंच चालतं. तरी मला ते नको. धावपळीत बोट अर्धवट सुटलं की भलताच मोड लागतो, आणि समोर फ्लड असताना ते परवडत नाही.