मोडशीचं फ्रेंच कुत्रं

प्रश्न : बातम्यांत 'कॉलऱ्याचे विषाणू' असं वाचतो, ते बरोबर आहे का? आणि जुनी माणसं मोडशी म्हणत, ती हीच का?

बरोबर कुठलं! साफ चूक आहे आणि वर्षानुवर्षं बिनदिक्कत छापली जातेय. कॉलरा, टायफॉइड, शिगेलाची रक्ती हगवण हे सगळे जिवाणूंचे आजार. विषाणू म्हणजे रोटा, नोरो वगैरे. त्यांच्यापुढे अँटिबायोटिक काही कामाचं नाही, त्यामुळे हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. फरक लक्षात राहत नसेल तर सरळ 'जंतू' लिहा, दोन्ही त्यात येतात. पण 'विष' असलं की भारदस्त वाटतं ना!

आता मोडशी. आज आपण साध्या अजीर्णालाही मोडशी म्हणतो, पण सोळाव्या शतकातल्या गोव्यात हे जीवघेण्या पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव होतं. १५४३च्या साथीबद्दल लिहिताना पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोर्रेया 'मोरिशी' म्हणतो, १५६३मध्ये गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 'मोर्शी' म्हणतो. पुढे पोर्तुगिजांनी त्याचं 'मोर्देशीं' केलं. ते फ्रेंचांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याचे चक्क तीन तुकडे पाडले : मॉर द शियँ. अर्थ? कुत्र्याची मौत! अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे नाव चालत होतं. मराठी-कोंकणी शब्दाची अशी वरात दुसरीकडे निघालेली मला तरी ठाऊक नाही.

यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) हे कुत्रं नीट पकडलंय. मूळ धातू 'मोडणे' हेही त्यांना मान्य. पण अर्थ काय लावतात, तर खचणे, ढासळणे. इथे मात्र मी त्यांचं ऐकणार नाही. अहो, आपण 'अंग मोडून येतं' म्हणतो ते काय ढासळलो म्हणून? कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यातून पाणी आणि क्षार उपसून काढतं, जोराचा झटका असेल तर तासाला लिटरभरसुद्धा. मग हातापायांत असे पेटके येतात की माणूस पिळवटून निघतो. माझ्या मते मोडशीतलं मोडणं हे पेटक्यांचं.

आणि यात मी एकटा नाही. सुश्रुताची विसूचिका, म्हणजे आयुर्वेदातली ओकारी-जुलाबांची व्याधी, बघा. वायू सुयांनी टोचल्यासारखी गात्रं टोचतो म्हणून विसूची, असं तो सांगतो. म्हणजे नाव जुलाबांवरून नाही, वेदनेवरूनच. काही पंडित मात्र 'विषूची' म्हणजे दोन्ही दिशांना जाणारी, वरून ओकारी आणि खालून जुलाब, असं पटवतात. व्याकरणात बसतं, कबूल. पण ग्रंथकार स्वतः सुया दाखवत असताना दिशा कशाला मोजायच्या? शिवाय तो हे सगळं अजीर्णाच्या खात्यावर टाकतो. तेव्हा एकाच मोडशीत अजीर्ण आणि पटकी दोन्ही कशी, याचं उत्तरही तिथेच आहे.