वाईतल्या दोन सकाळी

प्रश्न: दादा, नवीन रोडबाईक (रस्त्यावर वेगात चालवायची सायकल) घेतलीय, वाईत दोन दिवस मुक्काम आहे, कुठे चालवू?

उत्तर: पहिल्या सकाळी कृष्णेच्या काठाकाठाने मेणवलीला जा, तीनेक किमीच आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला उतराच, मग तसंच पुढे धोम धरण. दुसऱ्या दिवशी वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास, म्हणजे बाराएक किमीत सहाशे मीटर चढायचंय, सुरुवातीलाच जोर लावलात तर वरपर्यंत पाय उरत नाहीत (माझे उरले नव्हते!). शनिवार-रविवार गाड्यांची रांग असते, उजाडताच निघा. उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नका, रिम तापते.