सोलापुरातलं प्राणिसंग्रहालय बंद झालं तर तिथला वाघ-बिबट्या नान्नजच्या माळावर सोडता येईल का?

नाही, पिंजऱ्यात वाढलेला वाघ किंवा बिबट्या नान्नजलाच काय, कुठल्याच रानात सोडत नाहीत. त्याला दुसऱ्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात हलवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्यासाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. माणसाच्या हातून मांस खाल्लेल्या जनावराला शिकार जमत नाही, माणसाची भीतीही उरलेली नसते. भुकेपोटी ते थेट धनगरांच्या मेंढवाड्यावर येईल, आणि त्यात ते स्वतःही मरेल. शिवाय नान्नजचा माळ माळढोक या दुर्मिळ पक्ष्यासाठी राखलेला आहे. अपवाद आहेत: मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्र प्रकल्पात वाढवलेल्या दोन अनाथ वाघिणी २०११ मध्ये तिथल्याच पन्ना व्याघ्र प्रकल्पात सोडल्या आणि तिथे त्या व्याल्याही. पण त्यांना मोठ्या कुंपणात, माणसांपासून लांब ठेवून शिकारीची सवय लावली होती.