नेत्रदानाचा फॉर्म भरला, पण घरी कसं सांगू?

विद्यापीठात नेत्रदानाचं शिबिर झालं की पुढच्या काही दिवसांत माझ्याकडे हमखास कुणीतरी येतं. मित्रमैत्रिणींच्या बरोबरीने फॉर्म भरलेला असतो आणि मग रात्री झोप उडते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अशीच आली (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). खुर्चीत टेकते न टेकते तोच म्हणाली, "मॅडम, सही करून मी मरणाला बोलावणं तर धाडलं नाही ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी आधी सरळच विचारलं, हल्ली जीव नकोसा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच, तर बोलायला वाट मिळते. तिला तसं काही वाटत नव्हतं. तिला भीती होती चेहरा विद्रूप होण्याची, आणि त्याहून जास्त बाबांची.

चेहऱ्याचं लवकर उलगडलं. रोपण होतं ते फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, म्हणजे कॉर्नियाचं. कुठे तेवढाच पडदा काढतात, कुठे पूर्ण डोळा काढून कृत्रिम आवरण बसवतात. पापण्या मिटलेल्याच राहतात. काम साधारण वीस मिनिटांचं. "पण माझा चष्मा एवढा जाड!" चष्म्याच्या नंबराने काही अडत नाही, पडदा स्वच्छ हवा. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क यांसारखे संसर्ग असतील तर मात्र घेत नाहीत. कॉर्नियाचं पहिलं यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली केलं, हे ऐकल्यावर ती जरा सैलावली. तिला हे कालपरवाचं खूळ वाटत होतं.

खरी गाठ घरच्यांशी होती. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. नेत्रपेढीला फोन करायचा, डोळे मिटून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, हे सगळं नातेवाइकांनाच करायचं असतं. त्यांनी नको म्हटलं तर कार्ड असूनही नेत्रपेढी सहसा पुढे जात नाही. म्हणूनच शिबिरात किती फॉर्म भरले या आकड्याचं मला फारसं कौतुक नाही. घरी किती जणांनी सांगितलं, ते कुणी मोजतच नाही.

मग आम्ही संवादाचा सराव केला. तिचं पहिलं वाक्य होतं, "बाबा, मी नेत्रदान करणार, ठरलंय." मी म्हटलं, हा तर निकाल झाला, बाबांना बोलायला जागाच कुठे उरली? "मला याबद्दल तुमच्याशी बोलायचंय" इथून सुरुवात कर. "अभद्र बोलू नकोस" म्हणाले तर वाद घालू नकोस, विषय तिथेच सोड आणि आठवड्याने पुन्हा काढ. संकल्प केव्हाही मागे घेता येतो, हेही त्यांना सांग.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. बाबा आधी चिडले, मग गप्प झाले, आणि शेवटी म्हणे त्यांनीच विचारलं, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, माझे डोळे चालतील का?" चालू शकतात. मोतीबिंदूत बदलतात ते आतलं भिंग. कॉर्निया त्याच्या पुढे असतो. अंतिम निर्णय नेत्रपेढी तपासून घेते. आई अजून तयार नाही. तिच्यामागे तूर्त लागू नकोस, असं मी सांगितलंय.