मुलीच्या हुंड्यासाठी जमीन गहाण टाकून जहाजात पैसा घालावा का?

(पत्र काल्पनिक आहे, पण अशी अडचण त्या काळात बऱ्याच घरांत होती.)

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या विल्टशरचा जमीनदार. साल १६१७. खंडाचे वर्षाला ५०० पौंड येतात. लोकरीचे वेगळे, पण तो धंदा तीन वर्षांत पार बसला. दोन वर्षांनी थोरलीच्या हुंड्याचे १,००० पौंड मोजायचे आहेत. मुलगा नऊ वर्षांचा. ईस्ट इंडिया कंपनी नवं भांडवल उभारतेय. काही जमीन दहा टक्क्यांनी गहाण टाकून १,००० पौंड तिथे लावू का?

उत्तर : नाही. निदान कर्ज काढून तरी नाही.

लोकर का बसली ते तुम्ही जाणताच. १६१४ पासून राजाने बिनरंगी लोकरी कापडाची निर्यात अडवली. रंगवून विकू, म्हणजे नफा देशातच राहील, हा लंडनचे व्यापारी विल्यम कॉकेन यांचा बेत. डच लोकांनी रंगवलेलं कापडच नाकारलं आणि तुमच्याकडचे विणकर बसून राहिले. आता जुनी व्यवस्था परत आली आहे. म्हणजे आज तुम्ही पडत्या भावाला घाबरून निर्णय घेताय.

आता कंपनीचा हिशोब. ‘पहिल्या दोन सफरींत ९५ टक्के नफा’ हे तुम्ही ऐकलं असेल, खरंही आहे. पण पहिली जहाजं १६०१ ला निघाली आणि हिशोब मिटला १६०९ ला. आठ वर्षांवर पसरलं की चक्रवाढीने दरसाल साडेआठ-पावणेनऊ टक्के पडतात. तुमचं व्याज दहा! शिवाय १६०३ मध्ये जहाजं परतली तेव्हा लंडनमध्ये प्लेग होता, मिरीला गिऱ्हाईक नव्हतं. भागीदारांना वाटा म्हणून चक्क मिरीच दिली गेली. व्याही हुंड्यात मिरीची पोती घेणार आहेत का, विचारून ठेवा. नंतरच्या काही सफरींनी २०० टक्क्यांवर दिले, सुरतेला वखारही झाली, हे नाकारत नाही. पण पैसा कधी परत येईल हे वारा, डच आणि पोर्तुगीज ठरवणार. तुमची देणी मात्र तारखेची आहेत.

गहाणखत नीट वाचलंत का? ठरल्या दिवशी पैसे मोजले नाहीत तर कायद्याने जमीन सावकाराची. चॅन्सरी न्यायालय (कायद्याच्या अक्षरापेक्षा न्यायबुद्धीने निवाडा देणारं) अलीकडे थोडी दया दाखवतं, पण त्या दयेवर घर चालवू नये.

याहून मोठी काळजी मुलाची. जमीन राजाकडून लष्करी चाकरीच्या अटीवर असेल आणि तो अल्पवयीन असताना तुमचं काही बरंवाईट झालं, तर त्याचं पालकत्व राजाच्या वॉर्ड्स न्यायालयाकडे जातं आणि ते विकलं जातं. विकत घेणारा तुमच्या शेताचं उत्पन्न खातो आणि मुलाचं लग्नही तोच ठरवतो. त्यात गहाण आणि न आलेली जहाजं यांची भर पडली तर बायकोच्या हाती काय उरेल? तिच्या निर्वाहाची जमीन आजच वेगळी लिहून द्या.

मग १,००० पौंड कुठून? तुमच्याच पट्ट्यांतून. तुमच्या भागात पट्टे तीन जीवांचे असतात : नावं घातलेली तिघं माणसं हयात असेतो जमीन कुळाकडे, खंड जुनाच, जुजबी, पण नवा जीव जोडताना नजराणा घसघशीत. ज्या पट्ट्यावर एकच म्हातारा जीव उरलाय, त्या कुळाला बोलवा. स्वतःच्या मुलाचं नाव पट्ट्यावर चढवायला तो आनंदाने पैसे मोजेल. एकाच वर्षी सगळ्यांना पिळू नका, लोकर बसल्याचा फटका त्यांनाही बसलाय. उरलेल्या रकमेसाठी व्याह्यांशी हप्ते ठरवा. हुंडा हप्त्याने देण्यात कमीपणा नाही.

जहाजाची हौस असेलच तर नजराण्यातून उरलेले शंभर-दोनशे पौंड घाला. कंपनीही रक्कम हप्त्यानेच घेते. बुडाले तर चुटपुट लागेल, जमीन जाणार नाही.

पुढच्या पत्रात पट्ट्यांची यादी पाठवा : प्रत्येकावर किती जीव उरलेत, त्यांचं वय काय, शेवटचा नजराणा किती घेतला होता. गहाणखतावर तोवर सही नको.